तुमच्या नावाआधी मी लावलेलं कै.

शनिवार, १७ जानेवारी. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. शेठ जेवायला गेलेत, प्रेसचं शटर अर्धं ओढलेलं आहे, आणि साखरपुड्याच्या पत्रिकांना घड्या घालता घालता मी थांबलो आहे.

प्रिय हवालदारकाका,

आज तुमचा बारावा. उद्या सकाळी तुमची पेटी माझ्या खोलीतून जाईल. हे पत्र तुमच्या गणवेशाच्या घडीत ठेवायचं आहे, म्हणून घाईने लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र तपासले आहेत, काळजी नसावी!

बोईसरच्या चाळीत भिंतीला भिंत लागून सहा वर्षं राहिलो आपण. तुमचं पूर्ण नाव मला तुम्ही गेल्यावर कळलं, तेही लष्कराच्या डिस्चार्ज पुस्तकातून. काशिनाथ धर्मा मेहेर. मूळ गाव दांडी. नातेवाइकांच्या रकान्यात ‘कोणी नाही’. दांडी तर इथून रिक्षाने जाता येतं! मग ‘माझं गाव फार लांब आहे रे’ असं का सांगायचात? माझ्यावर भरवसा नव्हता?

चाळीने वर्गणी काढली, अग्नी मी दिला. अस्थींचं मडकं स्मशानामागच्या झाडाला बांधून ठेवलं. अग्नी शेजाऱ्याच्या हातून चालला, पण अस्थी तरी रक्ताच्या माणसाच्या हातून जाव्यात, असं मी ठरवलं.

पाचव्या दिवशी एक माणूस मोटारसायकलवरून आपणहून आला.

“हवालदार हितंच ऱ्हायचा ना? मी पुतण्या त्याचा. योगेश मेहेर.”

“कोणी कळवलं तुम्हाला?”

“बाजारात कळलं.” आणि लगेच, “पेटी कुठं हाय त्याची?”

काय झालं होतं, त्रास झाला का, शेवटी जवळ कोण होतं, काही नाही. आधी पेटी! सहा वर्षांत दारात न दिसलेला पुतण्या, आणि पेन्शनचं पुस्तक पेटीत. त्यात त्याचा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, म्हणून संशय आणखी वाढला. मी सांगितलं, पेटी पोलिसांकडे आहे. ती माझ्या खाटेखाली होती. खोटं बोललो, माफ करा.

मग मी कागद शोधायला लागलो. पालघरला माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो, तर ते म्हणाले, नातेवाइकाचा पुरावा आणा. पुरावाच तर शोधत होतो! दांडीची जुनी मतदारयादी मिळवली. मेहेरांची पानंच्या पानं. योगेशचे वडील रमेश, रमेशचे वडील धर्मा, एवढं जुळलं. पण एका गावात धर्मा किती असतील?

तुमच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून मला न्याहाळलं.

“तुझा काय संबंध? पेन्शनवर डोळा नाय ना रे?”

“गुरुजी, मी फक्त शेजारी आहे.”

“शेजारीच असतात,” ते म्हणाले. पण रजिस्टर काढून दिलं. तुमच्या नावासमोर शाळा सोडल्याचं कारण लिहिलं आहे: ‘घरातून निघून गेला’. काका, कोणावर रागावून निघाला होतात?

शेवटी उत्तर सापडलं ते आमच्याच प्रेसमध्ये. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत आम्ही फायलीत लावतो. लग्नपत्रिकेइतकी नातेवाइकांची पक्की यादी कुठल्याच कचेरीत नसेल. रुसलेल्या मामाचंसुद्धा नाव असतं तिच्यात! गुरुवारी तीन वर्षांपूर्वीची फाइल उघडली. चि. योगेश, रमेश मेहेर यांचे चिरंजीव. चेहरा इथेच पाहिला होता! आणि खाली बारीक अक्षरात: ‘कै. काशिनाथ धर्मा मेहेर (काका)’.

ती ओळ मी जुळवली होती, काका. माझ्या या बोटांनी.

तुम्हाला आठवतं, मी एकदा कुणाच्या जिवंत आजोबांच्या नावाआधी कै. छापलं होतं? आजोबा स्वतः काठी घेऊन प्रेसवर आले होते. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारतो. योगेशलाही विचारलं होतं. तो म्हणाला होता, “अरे नक्की. माझ्या जन्माच्या आधीच गेला तो.”

आणि नंतर ते प्रूफ तपासलं कोणी? तुम्ही! कंपनीच्या गेटवर ड्यूटीला जायच्या आधी रोज बसायचात ना या स्टुलावर. नववीत शाळा सोडलेल्या मला वेलांटी-उकार तुम्हीच शिकवलेत. “वेलांटी चुकली की मुलीचे मामा भांडतात,” म्हणायचात. त्या दिवशी तुम्ही चष्मा काढून पुसलात. एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलात. मग म्हणालात, “शुद्धलेखन बरोबर आहे. छाप.”

स्वतःच्या नावावर बोट ठेवून, काका? आणि मी विचारलं, चहा सांगू का!

पत्रिकेत एक आत्याही होती, गंगा, दांडीलाच दिलेली. मतदारयादीत ती नवऱ्याच्या नावाने, म्हणून मला सापडली नव्हती. काल गेलो. अंगणात सुकत घातलेले बोंबील ती उलटत होती. तिने मान वर केली. बोईसरच्या मासळी बाजारातली तुमची ती रविवारची मावशी!

“साठ रुपयांवाला ना तू?” ती म्हणाली. “ये, बस.”

दर रविवारी तुम्ही तिला पाचशेची नोट द्यायचात आणि सुटे न घेताच वळायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला लुबाडते ही बाई. एकदा तर मी भर बाजारात भांडून तिच्याकडून साठ रुपये काढून घेतले. पण ती दर वेळी तोलून झाल्यावर वर मूठभर कोलंबी टाकायची, ते मला कधी दिसलंच नाही!

तिने सगळं सांगितलं, योगेशला तिनेच पाठवलं होतं हेही. तुम्ही गेलात, बारा वर्षं ना पत्र ना निरोप. मग वडिलांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून तुमची क्रिया केली, दर्यात हरवलेल्या माणसाची करतात तशी. आणि पुढच्याच वर्षी तुम्ही गणवेशात दारात उभे!

“बा बोलला, क्रिया झाली त्याची, आता त्यो उंबरा नाय वलांडायचा. घरावर येतं. भाऊ तसाच फिरला. पाणीबी नाय घेतलं.” तिने डोळ्यांना पदर लावला नाही, बोंबील उलटत राहिली. “मंग कैक वर्षांनी बाजारात दिसला. मी वळखलं, त्यानंबी वळखलं. बोलला, पापलेट कसं दिलं?”

“मग तुम्ही योगेशला पेटीसाठी का पाठवलंत?”

“पैशाला नाय रे बाबा. आमच्या आयची एक नथ हाय. जाताना मीच त्याच्या हातात दिली व्हती, अडीनडीला मोड म्हणून. बघायचं व्हतं, मोडली का ठेवली.”

घरी येऊन पेटी उघडली. नथ आहे. पदकाच्या डबीत, पदकाच्या खाली.

अस्थींचं मी भीतभीतच विचारलं होतं. उंबरा आडवा येईल, असं वाटलं. आत्या म्हणाली, “घरात नाय नेता यायचं. पन होडीला कुठं उंबरा असतो? योगेशच्या होडीतून नेऊ. घरासमोरनं जाऊ, मंग दर्यात.”

म्हणजे काका, उद्या सकाळी तुम्ही घरावरून जाणार आहात!

योगेशवर माझा विश्वास अजून पुरता बसलेला नाही, खरं सांगतो. पेटीतल्या वस्तूंची यादी केली आहे, त्याची सही घेईन. नथ मात्र थेट आत्याच्या हातात देईन.

माझा शब्द घ्या. मला पोहता येत नाही, तरी होडीत मडकं मांडीवर घेऊन मीच बसेन. दर रविवारी मासळी तिच्याकडूनच घेईन आणि सुटे मागणार नाही. आणि यापुढे कोणाच्याही नावाआधी कै. लावताना दोनदा नाही, तीनदा विचारेन.

तुमचा,
संजू (भिंतीपलीकडचा)

पालघर, येणं-जाणं: पन्नास रुपये.
मतदारयादी आणि झेरॉक्स: चोवीस.
दांडीची रिक्षा, दोन वेळा: तीनशे वीस.
एकूण खर्च: तीनशे चौऱ्याण्णव. हा माझा, कोणाकडे मागायचा नाही.
देणं: गंगाआत्याचे साठ रुपये.