सुजेवरून अनुमान

मंगळवार, ता. १४, सकाळ

चि. शालकबुवांस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. त्यातलं किती खरं ते पुढे येईलच.

प्रथम एक गंभीर तक्रार. ज्या लशीसाठी तू तिकडे प्रयोगशाळेत मणी ओवत बसतोस, ती लस इथे ज्या खोलीत टोचतात, तिथे माझ्यासारख्या नवऱ्यांना बसायला एक स्टूल होतं. त्याच्या तीन पायांचं आपसात एकमत होतं, चौथ्याचा मतभेद होता. सुई टोचल्यावर तासभर पेशंटला सोडत नाहीत, आणि तो तासभर मी त्या मतभेदावर डुलत काढत असे. मी दोनदा लेखी निवेदन दिलं. दुसऱ्या निवेदनात 'आसनस्थैर्य' हा शब्द मुद्दाम घातला होता. सिस्टरने पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि म्हणाली, "झालं हो पंडित, आता डुलू नका."

ते स्टूल सध्या पोलिसांकडे आहे. पुराव्यादाखल.

अक्षर किडामुंगीसारखं आलंय, कारण उजव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये आहेत. तुझ्या ताईने तुला फोनवर "हे पायरीवरून घसरले" असं सांगितल्याचं मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. मी पायरीवरून घसरलो नाही. आमच्या घराच्या भिंती पातळ आणि तुझ्या ताईचे कान तल्लख, म्हणून हे कचेरीत बसून, शब्दकोशाच्या मुद्रितांवर कागद ठेवून लिहितो आहे. 'घ' अक्षर तपासायचं राहिलंय. त्याला घाई नाही.

तुला लस माहीत आहे, ती टोचून घेणारी माणसं माहीत नाहीत. तूच मला एकदा समजावलं होतंस, की शरीरात जन्मापासून मारेकरी हिंडत असतात. त्यांना गाठीच्या अंगावरचा, प्रथिनाच्या माळेतला एक नऊ मण्यांचा तुकडा दाखवायचा आणि सांगायचं, हा चेहरा कुठे लपलेला दिसला की ठार करा. ताईची गाठ कापून काढली, काखेतलं कापलं, सलाइनमधून विष घातलं, भाजून काढलं. एवढ्या कत्तलीनंतरही एखादा बारका शत्रू हाडात नाहीतर यकृतात दबा धरून राहिला असेल, तर तो परत उठू नये, म्हणून ही लस. आणि ती अजून प्रयोगावर असल्याने निम्म्या बायकांना खरी, निम्म्यांना त्या तुकड्याशिवायची. कुणाला कुठली ते टोचणाऱ्या सिस्टरलाही माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "शरीराला जागं करणारं औषध दोन्हीत आहे. मांडीवर सूज येते ती त्याने येते. सुजेवरून काही ठरवू नका." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि बाहेरच्या बाकावर येऊन सुजेवरून ठरवायला लागलो.

यात माझा अपराध सर्वांत मोठा, कारण बाकीच्यांनी न्यायशास्त्र घोकलेलं नाही. जी खूण दोन्हीकडे सापडते तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी मिसरूड फुटायच्या आधी पाठ केलं होतं. त्या दोषाचं नाव सांगू शकतो, त्याचे पोटभेद सांगू शकतो. आणि तरी टोचल्यानंतर दोन दिवसांनी सिस्टर पारदर्शक पट्टी घेऊन ताईच्या मांडीवरचा लाल चट्टा मोजायची, तेव्हा मी पाठमोरा उभा राहून आकडा ऐकत असे.

बाकावर माझ्या शेजारी एक वेल्डर बसायचा. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा, भुवईवर ठिणगीचा जुना डाग. त्याने लोखंडावर खुणा करायचा मार्कर आणून बायकोच्या सुजेभोवती रोज रेघ मारायचा उद्योग चालवला होता.

"पंडित, तुमचं केवढं?"

"बटणाएवढं."

"आमचं बशीएवढं. खरा माल आहे आमच्यात."

"अहो, मांडी माझी आहे," त्याची बायको म्हणायची, "बशी काय, बशी काय चारचौघांत."

"मग काय सांगू? परात म्हणू?"

ताई हसून हसून डोळे पुसायची. मीही हसायचो, आणि घरी जाऊन त्या बाईच्या मांडीचा हेवा करायचो. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने हे वाक्य लिहू नये, पण प्रकार तोच होता.

मागच्या महिन्यात वेल्डरच्या बायकोच्या यकृतात परत निघालं. नियमाप्रमाणे तिची लस बंद झाली. वेल्डर बाकावरून गेला. आम्ही सगळ्यांनी दोन दिवस हळहळून त्याच्या जागेवर पिशव्या ठेवायला सुरुवात केली.

गुरुवारी तो आला. ताईची वेळ होती. सिस्टरने फ्रिजमधून ताईच्या नंबराची कुपी काढून ट्रेमध्ये ठेवली होती. वेल्डरच्या हातात त्याची कामाची हातोडी होती, जोडावरची जळकी खपली उडवतात ती, एका बाजूला चोचीसारखी टोकदार. आवाज मात्र अगदी खाली होता. तो दांडगा आवाज त्याने कुठे ठेवला होता कोण जाणे.

"सिस्टर, ती बाटली मला द्या."

"ही ह्यांची आहे. तुमच्या मिसेसची बंद झालीय ना, दादा."

"बशीएवढं सुजलं, ते पाणी निघालं. म्हणजे बटणाएवढं सुजतं ते खरं. ती खरी आहे. द्या."

शालकबुवा, त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? अनुमानाचा हेतू, म्हणजे ती खूण, उलटा केल्याने निर्दोष होत नाही. एवढंच. मी तोंड उघडून ते म्हणालोसुद्धा असतो. तेवढ्यात त्याने फ्रिजच्या काचेवर हातोडी घातली.

काच फुटायचा आवाज मोठा नसतो. नंतर ती गळत राहते त्याचा असतो. कप्प्यातल्या कुप्या एकेक करून लादीवर पडत होत्या. सिस्टरने ताईची कुपी मुठीत घट्ट धरली. त्याने तिच्या मनगटावर घाव घातला. हाड मोडलं ते मी ऐकलं, ओल्या फांदीसारखं. मूठ उघडली, कुपी खाली पडली, आणि त्याच्याच बुटाखाली आली. पाय उचलून त्याने खाली पाहिलं. लादीवर चमचाभर ओल होती. मग तो ताईकडे वळला.

"तुम्हाला तर लागू पडलंय ना. एक द्यायला काय जात होतं?"

त्याने तिचा खांदा धरून तिला भिंतीवर ढकललं. ती टेबलाच्या कडेवर आपटली. हातोडी त्याने उगारली होती की नुसती हातात होती, हे मला सांगता येणार नाही. जबाबात मी 'उगारली' असं लिहून दिलंय.

स्टूल माझ्या हातात कसं आलं ते आठवत नाही. पहिला घाव त्याच्या कानावर बसला. तो वळला तेव्हा दुसरा तोंडावर. मतभेदवाला पाय तुटून त्याच्या गालात घुसला. हातोडीची चोच माझ्या बोटांवर आली, पण दुखलं नाही. दुखणं संध्याकाळी आलं. तो गुडघ्यांवर बसला, हातोडी टाकली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. इथपर्यंत पोलिसांच्या कागदात आहे.

पुढचं कागदात नाही. मी थांबलो नाही. तो आडवा झाल्यावर मी त्याला मारलं. स्टुलाची फळी चिरली तेव्हा उरलेल्यांतला एक पाय धरून मारलं. त्याच्या दातांचे तुकडे काचांत मिसळले होते. त्याने एकदाच "पंडित" असं म्हटलं, बाकावर म्हणायचा तसंच, आणि मी त्या तोंडावर मारलं. ताई ओरडत होती, "अहो, बास. बास करा. पडलाय तो." तिने मागून माझी कॉलर ओढली, तेव्हा मी तिच्यावरही हात उगारला. तिने तो हात पाहिला. मग मी थांबलो.

वेल्डरचा डावा डोळा गेला. जबडा तारेने बांधलाय. सिस्टरच्या मनगटात सळई घातली. इन्स्पेक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दिसत नाही हो तुमच्याकडे बघून." कचेरीत सगळ्यांनी माझा डावा हात हातात घेऊन दाबला. शिपायाने तर चहा बशीत ओतून दिला. पंचवीस वर्षं मुद्रितं तपासली, तेव्हा कुणी पेन उचलून दिलं नव्हतं.

शनिवारी मी वेल्डरला बघायला गेलो. का गेलो हे मला विचारू नकोस. त्याच्या खाटेशी त्याची बायको बसली होती, डोळे पिवळे, पावलं सुजलेली. खाट तिला हवी होती आणि ती त्याला पाणी पाजत होती, नळीतून. मला पाहून उठू लागली. मी नको म्हटलं.

"बसा," ती म्हणाली. "ह्यांना बोलता येत नाही. मी गेल्यावर कोण बघणार यांना, याची काळजी होतीच. आता एका डोळ्याने बघावं लागेल यांनाच स्वतःचं." मग तिने विचारलं, "ताईंचं इंजेक्शन झालं का हो? की त्या दिवशीचं बुडालं?"

मी म्हटलं, दुसरी कुपी मागवलीय.

"मग बरं," म्हणाली. वेल्डर उरलेल्या डोळ्याने छताकडे बघत होता. मी संत्री नेली होती. जबडा बांधलेल्या माणसासाठी संत्री. तिने ती घेतली आणि उशाशी ठेवली, मला वाईट वाटू नये म्हणून.

आता तू म्हणशील, एवढं सांगून झालं, भावोजी हलके झाले. नाही झालो.

गुरुवारपासून ताईच्या उजव्या बरगडीत दुखतंय. टेबलाची कड लागली तिथेच, असं ती म्हणते. डॉक्टरीणबाई "फोटो काढू" म्हणाल्या, तर "मुका मार आहे, शेकून जाईल" म्हणून तिने उडवून लावलं. पोलिसांनी ते लिहून घेतलं. वेल्डरवर सिस्टरच्या मनगटाचं कलम आहे, फ्रिजचं आहे, आणि ताईच्या बरगडीचंही आहे. त्याखाली मी सही केली आहे, डाव्या हाताने.

बरगडी त्याआधीपासून दुखते आहे. वरच्या फळीवरचा डबा काढताना तिचा हात अर्ध्यावर थांबतो, ती श्वास धरते, आणि मग डाव्या हाताने डबा काढते. हे मी गुरुवारच्या आधी कितीतरी सकाळी पाहिलंय, चहाचा कप तोंडाला लावून. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. तिला खोटं फक्त फोनवर जमतं. आणि मग डॉक्टरीणबाईंना सांगावं लागलं असतं, आणि वेल्डरीणबाईसारखी तिचीही लस बंद झाली असती. दोघंही गप्प राहिलो. टेबलाची कड लागली, तेव्हा आम्हाला दोघांना एक कारण आयतंच मिळालं. तिने दुखणं त्या धक्क्यावर ढकललं, मी ते जबाबात उतरवलं. वेल्डर खाली पडला होता आणि मी मारत होतो, तेव्हा माझ्या डोक्यात ती बरगडी होती, हे मला आता चांगलं कळतं.

या पत्राचा पहिला मसुदा मी फाडला. त्यात तुला विनंती होती, की तिकडे कुणाला तरी गाठून, कुणाला कुठली लस त्या यादीचं कुलूप फोडून, ताईला खरी मिळते की नुसती, ते कळव. वेल्डरने तरी हातोडी स्वतःच्या हातात धरली होती. मी ती तुझ्या हातात देत होतो. ते करू नकोस.

आज दुपारी कचेरीतून उठून मी पोलिसांकडे जाणार आहे. बरगडीचं वाक्य खोडायला सांगेन, आणि पडल्यावर मी किती मारलं तेही घालायला सांगेन. मग जे व्हायचं ते होवो. खोडलेलं वाक्य ताईला वाचून दाखवतील, आणि मला माहीत होतं हे तिला कळेल. मग घरात दोघांना गप्प बसायला कारण उरणार नाही. म्हणून तू मिळेल त्या गाडीने ये. तपासणीला माझ्याबरोबर ती येणार नाही; माझ्या हाताकडे अजून ती जपून बघते. तुझ्याबरोबर येईल. तिला काही समजावू नकोस, मणी-बिणी सांगू नकोस. नुसता बरोबर जा आणि बाहेर बाकावर बस.

पोलिसांची मला भीती वाटत नाही, खटल्याची नाही, वेल्डरच्या डोळ्याची वाटायला हवी तेवढीही नाही. तिचा आजार परत आला आहे असं मला वाटतं, आणि ती जाईल याची भीती वाटते.

तुझा,
भावोजी