नळाचा दिवस आणि विशाखापट्टणम

प्रिय आत्याबाई,

सविनय जयभीम.

तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आजही आठवण आली म्हणून लिहीत नाहीये. तुमचा राग आलाय म्हणून लिहितेय. दुपारचे तीन वाजलेत, अंगणातल्या हौदाच्या झाकणावर बसलेय आणि मांडीवर स्नेहलची जुनी वही आहे. घरात गेले तर तुमच्या नातीचं तोंड बघावं लागेल, आणि ती अजून हसतेय.

झालं असं की परवा, शुक्रवारी सकाळी, आम्हाला विशाखापट्टणमला निघायचंय. हो, तेच तुमचं विशाखापट्टणम! नर्सिंगची परीक्षा संपली त्याच दिवशी स्नेहलनं तिकिटं काढली, समुद्रासमोरची खोली ठरवली, आणि हे सगळं आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघून. आमचे नळ आठ-नऊ दिवसांतून एकदा, या खेपेला गुरुवारी. गुरुवारी हौद भरायचा, शुक्रवारी निघायचं, पुढचे नळ यायच्या आत परत. आणि आज गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला की गुरुवारचं पाणी शुक्रवारी येणार. किती वाजता, ते नेहमीप्रमाणे देव जाणे.

माझ्या तोंडातून काय निघावं?

"तुम्ही दोघं जा. मी थांबते नळाला."

शब्द न् शब्द तुमचा! स्नेहलनं कॅलेंडरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आजी, चहा ठेवू का?"

तेव्हापासून मी इथं बसलेय. आत्याबाई, लग्नकार्य असो की प्रवास, सव्वीस वर्षं मी ज्या वाक्यावर चडफडले, ते वाक्य माझ्या तोंडात घालून तुम्ही निघून गेलात. हे काय शोभतं का?

तुमच्या चिरंजीवांना विचारलं तर ते म्हणाले, "बघू." चितेगावच्या कंपनीत त्यांना एवढ्या वर्षांत बढती मिळाली, पण घरी आल्यावर त्यांचा शब्द एकच. बघू. काय बघणार? नळ बघणार?

खरं तर हे खूळ त्यांनीच घरात आणलं होतं. त्यांच्या खात्यातला तो तेलुगू माणूस सुट्टीवरून आला आणि त्यानं गावचे फोटो मोबाईलवर पाठवले. लख्ख ऊन, निळं पाणी, कडेनं लांबच लांब रस्ता आणि रस्त्याला बाकडी. तुम्ही मोबाईल डोळ्याजवळ धरून कितीतरी वेळ बघत होतात. मला वाटलं समुद्र बघताय. तुम्ही विचारलंत, "बसायला बाकडं बी हाय व्हय? अन् त्येचं तोंड पाण्याकडंच?"

समुद्र तुम्ही आधी एकदाच बघितला होता. लग्नाच्या आधी, सहा डिसेंबरला, दादरला. रांगेतून. मागून रेटा, पुढं पांढऱ्या साड्या, आणि डाव्या हाताला ते सगळं पाणी. तिथं समुद्र बघायला गेलो नव्हतो, म्हणायचात, ज्यासाठी गेलो ते झालं. पण एकदा नुसतं बसायला जायचंय, रांगेत नाय. आणि मग ते तुमचं ठरलेलं वाक्य: "एवढं पाणी, अन् कुणाला भरायची घाई नाय."

तुम्हाला जायचंच नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. तुमच्याइतकी तयारी कुणी केली? कॅलेंडरवर नळाच्या दिवसांना पेन्सिलीनं गोल, कारण पेननं केलेला गोल खोडता येत नाही. दोन गोलांच्या मधल्या घरांवर बोट ठेवून तुम्ही मोजायचात. जायला दोन दिवस, यायला दोन, तिथं तीन. बसतंय, म्हणायचात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला तो काळा चष्मा तुम्ही कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलात. डॉक्टरांनी महिनाभर घालायला सांगितला होता, तुम्ही आठ दिवसांत काढला. तिकडं ऊन लई असतंय, तवा कामाला येईल, असं तुमचं म्हणणं. घरच्या उन्हासाठी पदर पुरत होता.

पण गोल सरकायचे. स्नेहल सातवीत असताना पहिल्यांदा ठरवलं तेव्हा गोल एक दिवस पुढं सरकला आणि तुम्ही पिशवीतून आपली लुगडी काढून कपाटात ठेवलीत. "तुम्ही जावा. मी थांबते नळाला." तुम्हाला एकटं टाकून हे निघेनात, हे नाहीत म्हणून मी नाही, आणि सातवीतली पोर बॅगेवर बसून रडतेय! पुढच्या वर्षी पाइप फुटला. त्याच्या पुढं काय झालं ते आता आठवतही नाही. शेजारच्या शबाना भाभी दर वेळी सांगायच्या की खाला, तुम्ही जा, हौद मी भरते. तुम्ही त्यांना मायेनं हो म्हणायचात आणि हौदाच्या कुलपाची चावी गळ्यातल्या दोऱ्यात तशीच ठेवायचात.

तीन वर्षांपूर्वी एकदाची ती चावी निघाली. तुम्ही स्वतःच्या हातानं शबाना भाभींच्या हातात दिलीत. मला तर विश्वासच बसेना! दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, रिक्षा करून मोठ्या स्टेशनवर गेलो. सकाळच्या गाडीनं नांदेड, तिथून पुढं विशाखापट्टणमची गाडी. तुम्हाला खिडकी दिली. गाडी सुटली आणि दहा मिनिटांत आपलीच मुकुंदवाडी आली. गाडी तिथं थांबत नाही, पण तुम्ही मान वळवून वळवून आपल्या गल्लीकडं बघत राहिलात. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बदनापूरच्या आसपास तुम्ही हळूच म्हणालात की शबानाला दगडाचं सांगायचं राहिलं. आपल्या नळाचा कॉक शेवटी अडतो, दगडानं दोनदा ठोकल्याशिवाय बंद होत नाही. बंद झाला नाही तर हौद भरून पाणी रस्त्यावर. मी तीनदा फोन लावला. भाभींनी उचलला नाही. त्या नळावर असणार, मी म्हटलं, हात ओले असतील. यांनी म्हटलं, बघू.

आणि जालना आलं. तुम्ही उठलात. पिशवी उचललीत, दारापर्यंत गेलात आणि उतरलात. सत्तरीची बाई, दांडा धरून, एकेक पाय टाकत, भर फलाटावर! आम्हाला वाटलं, पाणी प्यायला उतरल्या. तुम्ही जिन्याकडं चालायला लागलात तेव्हा हे ओरडले, मी बॅगा ओढल्या, स्नेहलची एक चप्पल डब्यातच राहिली. गाडी गेली. फलाटावर आम्ही चौघं, दशम्यांचा डबा आणि चपलांच्या साडेतीन जोड्या.

परतीच्या एसटीत मी तुमच्या शेजारी बसले होते आणि तुमच्याकडं बघतही नव्हते. तेव्हा तुम्ही आपणहून बोलायला लागलात. सोयगावकडच्या तुमच्या गावचं. विहिरीवर चढायचं नाही, दूर कळशी ठेवून उभं राहायचं. कुणी आलं, त्याच्या मनात आलं, तर वरून ओतणार. "एक दिस कुणी आलंच नाय. मी आठ-नऊ वर्षांची असंन. दुपार झाली तरी उभीच."

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. मी म्हणाले, "आत्याबाई, ते दिवस गेले. आता नळ आहे दारात." आणि खिडकीकडं तोंड केलं. तुम्ही मान हलवलीत आणि पिशवीत तिकीट शोधायला लागलात.

त्या दिवशी शेवटी कुणी आलं का हो? पाणी मिळालं, की रिकामी कळशी घेऊन घरी गेलात? मी विचारलंच नाही. इतकी वर्षं तुम्हाला हट्टी म्हणाले, चिकट म्हणाले, एकदा तर शबाना भाभींजवळ म्हणाले की आमच्या सासूबाईंचा संसार नळाशीच झालाय. आणि ज्या दिवशी तुम्ही कारण सांगितलंत, त्या दिवशी मला रुसायचं होतं. आता ते कुणाला विचारू? तुमची मोठी बहीण गेली, भाऊ गेला. ती आठ वर्षांची पोर माझ्यापुरती अजून तिथंच उभी आहे, आणि याचा राग तुमच्यावर काढावा की माझ्यावर, ते मला कळत नाही.

घरी पोचलो तर शबाना भाभी पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. हौद काठोकाठ, रस्ता कोरडा, आणि झाकणावर कुलपाशेजारी तो दगड नीट ठेवलेला. तुम्ही दगडाकडं बघत राहिलात. भाभी म्हणाल्या, "खाला, इतने साल से देख रही हूँ मैं. दो बार ठोकना, यही ना?"

तुम्ही झाकण उघडून आत वाकून बघितलंत. "भरला की," एवढंच म्हणालात. मग आपण पाचजणांनी इथंच, हौदाच्या कडेला बसून विशाखापट्टणमच्या दशम्या खाल्ल्या. मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. खरं सांगू? तुम्ही उतरलात याचा राग नंतर गेला. दशम्या खाताना तुम्ही खूश दिसत होतात, त्याचा गेला नाही.

पुढच्या वर्षी जाऊ, म्हणत राहिलो. मग तुमची छाती भरली. दवाखान्यात नळी लावलेली, आणि तुम्ही मास्क बाजूला करून मला विचारता, आज नळ हायत का? मी खोटंच सांगितलं की येऊन गेले, भरलंय सगळं. तुम्ही गेलात त्या दिवशी सोयगावकडून, चितेगावकडून, कुठून कुठून माणसं आली. अंगण भरून माणसं, आणि सगळ्यांना प्यायला, हातपाय धुवायला पाणी तुम्ही भरलेल्या हौदातलं. सांजेपर्यंत पुरलं. त्या दिवशीही तुम्हीच बरोबर ठरलात! मेलेल्या माणसाशी वादात हरायचं म्हणजे काय, ते मला विचारा.

बायकांनी तुमच्या गळ्यातली चावी काढून माझ्या हातात दिली. मी कुणाला न सांगता ती गळ्यात घातली. कॅलेंडर बदललं तेव्हा पेन्सिल मीच शोधली. स्नेहल मला आजी म्हणते ते काही चूक नाही.

पण आत्याबाई, मी विहिरीवर उभी राहिले नाही. मला दारात नळ मिळाला, हौद मिळाला, तोही तुम्ही भरलेला. तुम्ही नळ सोडून हलत नव्हतात त्याला कारण होतं. माझ्याकडं काय कारण आहे? तुमची सवय? ती तर मी तुमच्यावर चिडून चिडूनच उचलली.

एवढं लिहून मी मघाशी उठले. काही ठरवलं नव्हतं. दोरा डोक्यातून काढला आणि भिंतीपलीकडं शबाना भाभींना हाक मारली. त्यांनी पीठ लागलेला हात पुढं केला, चावीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तुमची आठवण त्यांनाही आली असणार, कारण पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "ठीक है. मगर जालने से फोन मत करना."

तर आता ऐका. दशम्या उद्या करतेय. तुमचा काळा चष्मा फडक्यातून काढून बॅगेत ठेवलाय. तो मी घालणार, स्नेहल कितीही हसू दे. पाण्याकडं तोंड केलेल्या एका बाकड्यावर भर उन्हात बसणार आणि काही म्हणजे काही करणार नाही. निवडणार नाही, सोलणार नाही, मोजणार नाही. एवढं पाणी आणि कुणालाच भरायची घाई नाही, हे खरं आहे का ते बघून येते.

शुक्रवारी गाडी मुकुंदवाडीवरून जाईल तेव्हा मीही मान वळवून बघेन, ते माझ्यानं टळायचं नाही. बदनापूरला कॉक आठवेल. हात मोबाईलकडं जाईल. पण तुम्हाला शब्द देते, आत्याबाई. मी जालन्याला उतरणार नाही.

तुमची भांडकुदळ सून,
सुनंदा