अब्बांच्या नावाचं समन्स

अब्बा, मागच्या आठवड्यात तुमच्या नावानं समन्स आलं. बीडच्या आयकर कार्यालयात जातीनं हजर राहायचं, येताना सीताफळाच्या खरेदीचे कागद आणायचे, असं त्यात लिहिलंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हे साहेबांना कुणी कळवलेलं दिसत नाही. पोस्टमन अजून तोच आहे. त्यानं आपल्या फळाच्या दुकानासमोर गाडी लावली आणि धाकट्याला म्हणाला, "तुज्या बापाला बोलावलंय बे. आता कशापायी?" धाकट्यानं मला फोन लावला, आणि मी हातातलं शूटिंग टाकून धारूरला आलो.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नकला करणारा एक वाया गेलेला मुलगा होतो. आता टीव्हीवर दिसतो. आपलंच 'लई' आणि 'न्हाई' विकून लोकांना हसवतो, आणि लोक खरंच हसतात. मग ज्वेलरच्या दुकानाचं उद्घाटन असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, मला बोलावणं येतं, आणि निघताना कुणीतरी बाजूला घेऊन हातात पाकीट देतं. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात लोकांना प्रामाणिकपणे कर भरा असं हसवत हसवत सांगून आलो. त्याचंही पाकीटच मिळालं. या पाकिटांचं काय करायचं, असं मी सीएला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गावाकडं जमीन घेतलीत ना? मग काळजी कशाला करता? शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो."

जमीन म्हणजे घाटाच्या कडेचा साडेतीन एकर मुरमाड माळ. त्यावर सीताफळाची चोवीस झाडं, त्यातली निम्मी वाळलेली. कागदावर मात्र त्या झाडांना दरवर्षी एवढी फळं लागली की अख्ख्या बालाघाटात लागली नसतील. फळं दाखवायची तर ती घेणारा कुणीतरी व्यापारी दाखवावा लागतो. तो मी दिला. अब्बा, मी तुम्हाला दिलं.

तुमची ती पद्धत आठवते? तुम्हाला लिहिता यायचं नाही, फक्त उर्दूत सही यायची. दसऱ्याच्या आधी तुम्ही नवं पावतीबुक घेऊन दारात बसायचात, आणि कोऱ्या पावत्यांवर एकामागून एक सह्या करत जायचात. हंगामात शेतकरी टोपल्या घेऊन दारात आला की त्याचा खोळंबा नको. आकडा आम्ही टाकायचा आणि पावती फाडून त्याच्या हातात द्यायची. मी एकदा म्हटलं होतं, अब्बा, कुणी भलतंच लिहिलं तर? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ल्हिनारे माजेच लेकरं हायेत की. सही मी केली, म्हंजी जिम्मा माजा." तुम्ही गेलात तेव्हा शेवटच्या बुकातल्या चाळीस-एक पावत्या सहीसकट कोऱ्या राहिल्या होत्या. अम्मीनं ते बुक पेटीत जपून ठेवलं होतं. मी बघायला म्हणून मागून घेतलं आणि सीएच्या टेबलावर ठेवलं. तारखा त्याच्या माणसांनी टाकल्या. सही करणारा हयात नाही हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

बारावीत असताना एका बाजारच्या दिवशी आपण रस्त्यावर फळं मांडून बसलो होतो, तेव्हा मी तैबजारीवाल्याला, म्हणजे रस्त्यावर बसल्याचा कर गोळा करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला, 'सकाळीच दिली' म्हणून थाप मारली होती. तो गेल्यावर ऐटीत तुम्हाला सांगितलं. तुम्ही तराजू खाली ठेवलात.

"जा, दिऊन ये."

"अब्बा, धाच रुपये तर हायेत."

"धाच हायेत म्हनूनच दिऊन ये. लई झाले की तुज्याच्यानं देववनार न्हाईत. आन् सडकंवर फुकट बसाया ती काय तुजी सासुरवाडी हाय?"

बाजूचे सगळे हसले. मला तुमचा भयंकर राग आला होता. आज त्या म्हाताऱ्याला शोधत बाजारभर फिरावंसं वाटतं.

वैशाखात एक साहेब साध्या जीपमधून माळावर येऊन गेला. केजकडचा आहे म्हणे, म्हणजे त्याला सीताफळ शिकवायला नको. त्यानं राखणदाराला काही विचारलं नाही, फक्त प्यायला पाणी मागितलं, चोवीस झाडं बोटानं मोजली आणि निघून गेला. त्यानंतर दोन महिने काहीच झालं नाही. त्या दोन महिन्यांत मी एकदाही नीट जेवलो नाही. मग तुम्हाला बोलावणं आलं.

मी वकिलाला गाठलं, आणि त्यातून वाट निघाली ती अशी. दुकान अजून वडलांच्याच नावानं चालतं, सह्या आता धाकटा मुलगा करतो, वडलांसारख्याच करतो, आणि माल त्यानंच घेतला, असं धाकट्यानं साहेबासमोर शपथेवर सांगायचं. साहेबानं सही करून दाखव म्हटलं तर दाखवायची. म्हणून तो चार दिवस स्वयंपाकघरात फरशीवर बसून पोरीच्या वहीत तुमची सही गिरवत होता. पहिल्या दिवशी सही वाकडीतिकडी यायची. तिसऱ्या दिवशी ती हुबेहूब तुमची झाली. मी म्हटलं, अजून विचार कर, खोटं पकडलं गेलं तर तुला आत टाकतील. तो म्हणाला, "तू टीव्हीवर हायस भाई. तुजं नाव गेलं तर समद्यांचं गेलं. माजं काय, मी फळं इकतो." अम्मी चहा घेऊन आली, तिला वहीतलं एक पान दिसलं. तिनं ते फाडून घेतलं, सहीवरून बोट फिरवलं आणि घडी करून आपल्या पानाच्या डब्यात ठेवलं. तिला वाटलं, तुमचं जुनं काहीतरी सापडलं. धाकट्यानं वहीचं पुढचं पान उलटलं.

आज सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. एव्हाना घाट उतरून तेलगाव, वडवणी मागं टाकली असेल. फोन माझ्यासमोरच आहे. परत ये, मीच येऊन काय ते खरं सांगतो, एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे बरं आहे. टाकायचं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. वाट निघाली असं मी वर लिहिलं, पण वकिलानं धाकट्याचं नाव काढलंच नव्हतं, अब्बा. त्यानं एवढंच विचारलं होतं, तशी सही करील असं घरात कुणी आहे का. आणि नाव सांगायला मी क्षणभरही थांबलो नाही.