वरणाचा डाग

बाबा, तुमच्या नाटकाची वही माझ्यासमोर टेबलावर उघडी आहे. आपल्या गावच्या मंडळाला या हिवाळ्यात ते नाटक पुन्हा लावायचं आहे. परवा त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. "बाई, गुरुजींवर थोडंसं लिहून द्या. ते शेवटच्या अंकात भाषण विसरले होते ना, तो किस्सा टाकाच. म्हातारे लोक अजून सांगून हसतात." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्ही विसरला नव्हता. तरी पन्नास वर्षं गावानं तुम्हाला विसराळू नट ठरवलं आणि मी गप्प राहून ते ठरू दिलं. आता हे सरळ करायचं आहे, म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे.

त्या वर्षी मामा लढाईवरून लंगडत परत आला. चामोर्शीला एसटीतून उतरला तेव्हा लोक बैलबंडी सजवूनच उभे होते. त्याचा पाय बघितला आणि गोळी लागली असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बंडीत बसवलं, पुढे डफडी वाजत होती, गळ्यात हारांवर हार. मामा पलटणीत स्वयंपाकी होता. चालत्या ट्रकमध्ये उकळत्या वरणाचं पातेलं त्याच्या पायावर उलटलं होतं. हे त्यानं आपल्या घरी येऊन पहिल्या रात्रीच सांगितलं, जेवताना, मान खाली घालून. "मी सांगाले जातो भाऊजी, तं लोक आणखी एक हार घालतात. मले बोलूच देत नाई."

तोवर गोंडपिपरीकडच्या एका घरून त्याला सांगून आलं होतं. शूर जावई हवा म्हणून मुलीचा बाप अडून बसला होता. आपल्याकडे धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात, घरं पाहुण्यांनी भरतात आणि नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जुळतात. ते लोकही नाटकालाच येणार होते. तुम्ही चुलीजवळ बसून मामाला म्हणालात, "तुले बोलता येत नाई तं मी बोलतो. हसता हसता ऐकून घेतील." आई भाकर थापत होती. "अन् पोरगी उठून गेली तं?" तुम्ही म्हणालात, "गेली तं गेली. लग्न झाल्यावर कळण्यापरीस बरं." आठ दिवसांत तुम्ही नाटक लिहिलंत. लढाईवरून आलेला लंगडा शिपाई, त्याच्यावर भाळलेली पाटलाची मुलगी, त्याला वीर ठरवणारं गाव, आणि शेवटी त्याची कबुली. शिपाई तुम्हीच झालात.

मी नाताळच्या सुट्टीत चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमधून आले होते. प्रॉम्प्टर तापानं पडला, म्हणून वही माझ्या हातात आली. आपल्या नटांना तालमीपुरताच वेळ मिळतो, सगळी भिस्त विंगेतल्या आवाजावर. बारा वर्षांची असले तरी माझं वाचन स्वच्छ होतं आणि तुम्हाला त्याचा कोण अभिमान! पण मामाला लागलेल्या गोळीची गोष्ट मी खरं कळण्याआधीच वर्गात सांगून बसले होते, गावाहून आलेल्या पत्रावरून. सिस्टरनी सगळ्या वर्गाला उभं करून त्याच्यासाठी प्रार्थना म्हणवली होती. मुली माझ्याकडे बघत होत्या. माझ्यासाठी तसं कोणी पहिल्यांदाच उभं राहिलं होतं.

शेवटचा अंक. तुम्ही लंगडत मध्यभागी येता. समोर पहिल्या ओळीत मामा, त्याच्या शेजारी मुलीचा बाप, मागे बायकांत ती मुलगी, अंगावर जांभळी शाल. वहीत तुमचं वाक्य आहे. मी ते पान उलटते आणि विंगेतून माझ्या मनाचंच वाक्य सांगते, "सहा शत्रू लोळवले, तेव्हा ही गोळी लागली."

तुम्ही थांबलात. विंगेकडे बघितलंत, माझ्याकडे. ऑर्गनवाल्यानं दोनदा सूर फिरवला. समोरून कोणी ओरडलं, "काऊन गुरुजी, विसरले काय जी?" तुम्ही हात जोडलेत. "विसरलो जी. थांबा जरासे." मैदान हसलं. आणि मग माझ्याकडे न बघता तुम्ही गाऊ लागलात:

गोळी नाही लागली सखे, सांडलं ग वरण,
लंगडण्याला माझ्या आहे हेच कारण.

हशा ओसरायच्या आत मामा उठून उभा राहिला. मुलीच्या बापाकडे वळून, सासऱ्याला हाक मारतात तसं म्हणाला, "मामाजी, हे माह्यंच आहे." बाप पंचा झटकून उठला. सकाळी चहाला ते लोक आपल्या अंगणात सामान बांधून तयार. तेवढ्यात ती मुलगीच बापाला म्हणाली, "पलटणीले जेवू कोण घालत होतं मंग? शत्रू?" बाप हातातलं बोचकं खाली ठेवून पुन्हा बाजेवर बसला. माझी मामी ती. पुढे मामानं आश्रमशाळेत तीस वर्षं पोरांना जेवू घातलं आणि पायाचा डाग कुणी विचारला तर मामीच हसत हसत सांगायची.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात तुम्ही मला विचारलंत, "काय झालं होतं वं?" मी म्हटलं, "पानं चिकटली होती." तुम्ही चहाचा घोट घेतलात. "दव पडते. चिकटतात." एवढंच. आणि पुढच्या हिवाळ्यात प्रॉम्प्टर ठणठणीत असतानाही वही माझ्याच हातात दिलीत. ती शिक्षा होती की माफी, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. आता मला वाटतं, तुम्हाला फक्त वाचणारं माणूस हवं होतं आणि ते मीच असावं असं तुम्ही ठरवलं होतं.

मंडळाला द्यायचंही आता लिहून झालं आहे. गुरुजी विसरले नव्हते, पान मी उलटलं होतं, असं साफ लिहिलं, खाली सही केली. पण एक गोष्ट त्यात घातली नाही. तुमचं खरं वाक्य काय होतं ते मला आठवत नव्हतं, वही उघडून बघावं लागलं. "मी बंदूक नाई, झारा धरला होता." माझं मात्र तोंडपाठ होतं.