दिंद्रुडची सगळी लेकरं आजारी

ती. बद्रीनाथमामांच्या चरणी उत्तरेश्वराचा दिंद्रुडहून दंडवत. आपली कंबर आता वाकू देते की नाही, ते कळवावे. मामींना नमस्कार. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत (असे लिहायला नको होते, पण शाईने लिहून गेलो).

आपण कचेरीत शब्द टाकलात म्हणून घरोघरच्या लेकरांची चौकशी करून तक्ता भरायचे काम मला मिळाले. लेकरू काय खाते, झोपते का, त्याला कोण सांभाळते, वगैरे. मी शाई दोनदा गाळली, रेघा पट्टीने मारल्या, आणि लेकराची आई सांगेल तेच जसेच्या तसे लिहायचे असा नेम केला. तिथेच घात झाला. सुंदरबाईचा धुळाजी दारात चौथी भाकर खात बसलेला (मी स्वतः मोजल्या) आणि ती म्हणते, "कशाचं खातंय दादा! चार दिस झाले पोटात अन्न न्हाई. नुसती हाडं राह्यलीत." मी म्हणालो, "बाई, ही चौथी हाय." तशी कडाडली, "लेकराचे घास मोजतो व्हय रे मेल्या? नजर लावशील!" आणि माझ्यादेखत त्याच्यावरून मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली. नजरेच्या भीतीने साठ घरांतली धडधाकट लेकरे अशीच मरतुकडी झाली, आणि मी ती सुवाच्य अक्षरात तशीच लिहिली.

'चांगली' असे एकाच घराने सांगितले. रहेमतबीची चार वर्षांची जाहेदा गोधडीत पडून होती. तिचा श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. "एकदम अच्छी हाय, भाऊ. लिव्हा तुमी," रहेमतबी म्हणाली. आजाराचे नाव काढले की तो बळावतो, हे तिचे भय. मी 'चांगली' लिहिले. अक्षर सुरेख आले. त्या दिवशी जेवण मात्र गेले नाही.

आता तक्ता वाचून कचेरी शुक्रवारी डॉक्टर धाडणार आहे, आणि गाव हसते आहे. पोरे मला बघून मुद्दाम खोकतात.

आपला आज्ञाधारक भाचा,
उत्तरेश्वर

ता. क. हे वाचून आपण तक्ता दुरुस्त करायला उठाल. उठू नये. एका पोरीसाठी डॉक्टर इतक्या लांब येत नाही, ते मी विचारून पाहिले आहे. शुक्रवारपर्यंत गाव आजारीच राहू द्यावे. डॉक्टरला मी आधी रहेमतबीच्या दारी नेईन. मग काम गेले तरी चालेल.

आणखी ता. क. तक्त्यात शेवटचे घर आमचे आहे. माझ्या बाळाच्या नावापुढे मी काय लिहिले ते पाहू नये. पाहिलेच, तर मामींनाही तेच सांगावे : फार हडकुळा आहे.