चकलीवरचा आक्षेप

३० ऑक्टोबर २००६

ती. श्रीरंगदादांस,

धाकट्या शशिकांतचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा रक्तदाब ताळ्यावर आला असेल अशी आशा. मी इथे सातासमुद्रापलीकडे यामिनीकडे ठणठणीत आहे; फक्त इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीपासून लेक माझ्याशी बोलत नाही. जावई अंकुर बिचारा दोघांचे निरोप पोचवतो.

त्याचं असं झालं. यामिनी यंदा इथली नागरिक झाली, त्यामुळे पहिल्यांदाच मत देणार. नमुना मतपत्रिका पाहिली तर तीत राज्याचा ऑडिटर! दादा, इथे ऑडिटर निवडून येतो. शाळा, गावं, सरकारी खाती, सगळ्यांचे हिशेब तपासायचे आणि चार वर्षांनी पुन्हा लोकांपुढे हात जोडायचे. (जोडत नाहीत, हातात हात घेऊन हलवतात, अर्थ तोच.) राज्याची घटना झाली तेव्हापासूनची रीत आहे म्हणे. गव्हर्नरने नेमलेला माणूस गव्हर्नरचेच खर्च काय तपासणार, म्हणून तो लोकांनी निवडायचा. आपल्या घरात मतं मागायची ती तुम्ही, नगराध्यक्ष म्हणून. आणि मतं मागणाऱ्यांना धारेवर धरायचं ते मी, सरकारी ऑडिटर म्हणून. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची, हे काही मला पचेना.

तर दिवाळीला या पदाचे एक उमेदवार आले. उंचेपुरे, हसतमुख गृहस्थ. मंडळाची सेक्रेटरी यामिनी. तिने कौतुकाने त्यांना फराळाची बशी दिली. (चकल्या थेट डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातल्या, अंकुरने तीन तास गाडी हाकून आणलेल्या.) माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याचं ऑडिट, त्याच्याकडचं पाणीसुद्धा नाही. मी उठलो आणि त्या भावी ऑडिटरच्या हातातली बशी काढून घेतली. यामिनीचा चेहरा पाहवेना. ते गृहस्थ मात्र हसले, माझ्या हातातल्या बशीतली चकली उचलली आणि म्हणाले की लोक मला ओळखतच नसतील, तर कुठे काही चुकतंय हे ते सांगणार कुणाला?

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं मी कचेऱ्या तपासल्या. आपणहून येऊन मला कुणी काही सांगितलं नाही. तो माझा धाक, असं समजून मी खूश असे. पण मी चुकलो असंही म्हणवत नाही. चहा पिऊन गप्प बसलेले ऑडिटर आपण दोघांनीही पाहिलेत. आणि मतांवर निवडून आलेला माणूस मतदारांच्या गावावर कडक शेरा मारेल का, हेही मला कळत नाही. कळतं ते एवढंच की ऑडिटच्या निमित्ताने परक्या गावी एकट्याने जेवायचा मला फार कंटाळा यायचा, आणि हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

यामिनीची समजूत घाला असं लिहिणार होतो, पण तुम्ही तिचीच बाजू घ्याल. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
शशी

ता. क. : यामिनी आत्ताच बोलली. मी सॉरी म्हणायला गेलो, तर म्हणाली, "बाबा, मोठ्या काकांच्या नगरपालिकेचं ऑडिट तुमच्या ऑफिसकडे आलं म्हणून तुम्ही त्यांच्याकडे जेवणं बंद केलंत. ते ऑडिट क्लोज होऊन किती वर्षं झाली?"

दुसरा ता. क. : जानेवारीत परत येतोय. वहिनींना विचारून ठेवा. तुम्ही बोलावलंत तर येईन. आपणहून पानावर येऊन बसणार नाही, एवढा ताठा राहू द्या.