न्हाणीमागचा खड्डा

१५ जानेवारी १९४१, बुधवार

नंदुरबारला सुखरूप पोचले. म्हसावदहून छकड्यात निघाले, प्रकाशाला नावेतून तापी ओलांडली, पुढे मोटारीत एका बाईची कोंबडी माझ्या मांडीवर बसून आली. कोंबडी शांत होती, बाईच कटकट करत होती. चुनीलालचं घर नवं आहे, पक्क्या विटांचं, कापसाच्या जिनच्या भिंतीला लागून. माझा लेक जिनमध्ये कारकून आहे आणि चालतो असा की जिन त्याच्या बापाने बांधली.

सून मीनाबाई सात महिन्यांची आहे. तिला आई नाही, म्हणून बाळंतपणाला मी. आधी दोनदा तिचं पोट पडलं. या खेपेला मूल हातात घेतल्याशिवाय मी गावी जाणार नाही, हे चुनीलालला उंबऱ्यातच सांगून टाकलं. तो म्हणाला, माय, आधी चहा तर घे.

ही वही मीनाबाईने दिली, दिवस मोजायला. माझी शाळा दुसरीत सुटली, मास्तर पटकीने गेला आणि दुसरा कोणी आला नाही. अक्षरं वाकडी येतात, येऊ देत. मला कुठे परीक्षा द्यायची आहे! तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरातून उतरवते.

१८ जानेवारी, शनिवार

घरात विजेचा दिवा येणार. जिनचं इंजिन दिवसा कापसातली सरकी काढायला जुंपतात. दिवेलागणीला त्याचा पट्टा विजेच्या यंत्रावर चढवतात आणि दहाला उतरवतात. एरवी तारेत काही नसतं, मेलेली असते. आमच्या ओळीत पहिला दिवा आमचा, म्हणून चुनीलाल फुगून बसलाय. बाळंतिणीच्या खोलीत चिमणीचा धूर नको, एवढं मात्र मला पटलं.

वायरमन आला, मगन मिस्त्री. नवापूरकडचा, सुरतेच्या गिरणीत शिकलेला. सकाळभर नुसती भिंत मोजली आणि दुपारी चार भाकरी खाल्ल्या. मी म्हटलं, हात असे चालवले असतेस तर आत्तापर्यंत दिवा लागला असता. तर म्हणतो, माय, मन्हा हात बी चालतस, तोंड बी चालस. माणूस वाईट नाही. सागाच्या पट्ट्या ठोकून त्यावर तारा अशा सरळ नेल्या की भिंतीला भांग पाडल्यासारखं दिसतं.

२० जानेवारी, सोमवार

मगनने आज न्हाणीमागे खड्डा खणला. विजेची एक तार जमिनीत पुरावी लागते म्हणे, नाहीतर खटक्याच्या लोखंडी पेटीला हात लावणारा चिकटून मरतो. कमरेएवढा खोल, हातभर रुंद. तळाला तांब्याचा पत्रा, त्याला तार, त्यावर कोळसा, मग मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. त्याचे हात काळे झालेले. मला म्हणाला, माय, मीठ तू टाक. मी सात शेर खडेमीठ ओतलं.

ओतताना हात थांबला. आमच्याकडे दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात, मीठ घालून पुरतात. मीठ आजी टाकते, कारण आईला तिथे नेत नाहीत. माझी दोन अशीच गेली, तेव्हा सासूने टाकलं होतं. खड्डा एवढाच होता. आणि असा खड्डा एकदा खणला की रिकामा बुजवत नाहीत. मेलं म्हणून उचललेलं मूल वाटेत रडलं, परत घरी आणलं, तरी त्या खड्ड्यात नारळ ठेवून मगच माती लोटतात.

मगनला हे सांगितलं. तो हसला. म्हणाला, रिकामा कोठे शे माय, तांबं शे ना. मीही हसले. नारळासाठी भर उन्हात बाजार कोण गाठणार? राहू दिलं.

जाताना बजावून गेला, रोज बादलीभर पानी टाकजो, माती सुकाले नको. मीनाबाईने ते काम आपल्याकडे घेतलं.

२३ जानेवारी, गुरुवार

दिवा लागला. अख्खी ओळ बघायला आली. शेजारच्या भिकुबाईने वहाणा काढून दिव्याच्या काचेच्या गोळ्याला हात जोडले. मी म्हटलं, बाई, देव नाही तो, फुंकर मारलीस तरी विझत नाही. ती म्हणाली, म्हणूनच हात जोडले.

बाळंतिणीच्या खोलीत उजेड चांगला पडतो. सुईत दोरा ओवला मी. पुष्कळ वर्षांनी.

२९ जानेवारी, बुधवार

भर दुपारी मीनाबाईने हाक मारली. खोलीतल्या गोळ्यात तार लाल दिसत होती, विडीच्या टोकासारखी. खटका बंद होता. इंजिन कापसावर होतं, त्याची धडधड मला ऐकू येत होती. घटकाभराने ती विझली.

चुनीलाल म्हणतो, खिडकीतलं ऊन काचेवर पडलं असेल. त्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. कारकुनाला एवढं कळत नाही.

मीनाबाईने माझा हात पोटावर ठेवला. सकाळपासून लाथा मारत होतं, आता झोपलं, म्हणाली.

२ फेब्रुवारी, रविवार

काल पुन्हा, परवाही. दुपारीच. आता लाल नाही, पिवळा उजेड पडतो. तो असतो तोवर पोट दगडासारखं असतं. विझला की मूल हलतं, पण आधीसारखं नाही. मी हात ठेवून बसते, मला कळतं.

खड्डा अख्खी बादली पितो. चिखल होत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मगनला बोलावून घेतलं. त्याने तारा सोडवून जिभेला लावल्या. म्हणाला, काहीच नाही, मेलेल्या आहेत. मग मी खड्डा उघडायला लावला.

मीठ नाही. सात शेरातला खडा नाही. कोळसा कोरडा, रोज पाणी पडूनही. तळाचा पत्रा सपाट ठेवला होता, मी पाहिला होता. तो वाकून मध्ये खोलगट झाला आहे, सुपासारखा. पाचवीला मूल निजवतात त्या सुपासारखा.

मगन या वेळी हसला नाही. मीठ विरघळस माय, म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. आणखी मीठ दे म्हणाला. मी दिलं नाही. स्वतः बाजारात जाऊन नारळ आणला, आत ठेवला, माती लोटली. त्याची पक्कड इथेच राहिली. न्यायला आला नाही.

६ फेब्रुवारी

नारळ मातीवर आहे. फुटलेला नाही. फोडून पाहिला, आत पाणी नाही, खोबरं नाही. मगनच्या बिऱ्हाडी माणूस पाठवला. काल रात्रीच्या गाडीने नवापूरला गेला म्हणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाणी बंद केलं. बादली माझ्या खाटेखाली ठेवली. दुपारी मला डुलकी लागली. उठून बघते तर मीनाबाई खड्ड्याशी उकिडवी बसून ओंजळीने पाणी घालते आहे. आठवा लागलेली बाई. त्याला तहान लागली, म्हणाली. कोणाला, म्हटलं. माझ्याकडे बघून हसली.

११ फेब्रुवारी

चुनीलालला म्हटलं, तार काढून टाक. तो म्हणाला, रविवारी मॅनेजर दिवा बघायला येणार आहे, माझं हसं करू नको. दिवसा हा जिनमध्ये, संध्याकाळी दिवा शहाण्यासारखा वागतो. याने काय पाहिलं आहे? मी म्हटलं, दोन गेली, तिसरं जाईल. ताट सारून उठला.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस मूल हललं नाही. दिवलीबाई दाईला आणलं. तिने पोटाला कान लावला. किती वेळ लावून बसली. मग म्हणाली, शे, पन दूर शे.

दूर म्हणजे कुठे? तिने न्हाणीकडे पाहिलं. तिला मी खड्ड्याचं काही सांगितलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी, दुपार

कळा सुरू झाल्या. आठव्यातच. चुनीलालला निरोप गेला, अजून आला नाही. गोळा पांढरा जळतो आहे — डोळा ठरत नाही. इंजिनचा आवाज नाही. आज इंजिन बंदच आहे —

विळ्याने तार तोडली, खड्ड्यापाशीच. काही फरक नाही.

गोळा काढला. हात भाजला. गोळा माझ्या पदरात, काळा. खोलीत उजेड तसाच —

दिवलीबाई म्हणते, बाहेर बस. बसले. लिहिते आहे, चुनीलालला कळावं म्हणून. मीठ मी टाकलं. रिकामा मी बुजवला. नारळ त्या दिवशीच ठेवायचा होता —

आलं. मुलगा. दिवलीबाई पाठीवर थापट्या मारते आहे. निळा आहे. रडत नाही.

रडला —

नाही. खोलीतून नाही. त्याचं तोंड मिटलेलं आहे, मी बघते आहे. रडणं न्हाणीमागून येतं आहे. मातीखालून.

चुनीलाल, मी खणायला जाते. त्या खड्ड्याला कोणीतरी हवं आहे, पोराऐवजी मी. मला अडुसष्ट वर्षं झाली, बस्स. मी दिसले नाही तर खणू नका. मीठ टाकू नका, कोणी सांगितलं तरी. खोलीतलं पोर रडलं की लगेच खड्ड्यावर माती —